ऋजुताचा अंगठा

"बाबा, तांडेलकाकांची हवा कोणाच्या अंगठ्याने बंद झाली?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वक्तृत्वाचा करंडक मिळाल्यापासून ऋजुता कुणाला घाबरत नव्हती. तिने जेवायला बसताबसताच विचारून टाकलं.

बाबांनी भाकरी मोडली. "तुझ्याच. काल वाढदिवसाला लावलास ना?"

"ते माझ्या नावावरच्या फ्लॅटचे कागद आहेत म्हणालात."

"आहेतच की. अकरा महिन्यांचा करार संपला, तरी म्हातारा हलेना. कोर्टात गेलो असतो तर तुझ्या लग्नापर्यंत तारखा पडल्या असत्या. आता मालकाने अंगठा लावला की हवा बंद, भाडेकरू आपोआप बाहेर."

बाहेरची हवा विषारी होऊन वर्षं झाली होती. भाड्यात आता पाणी, वीज आणि श्वास, तिन्ही यायची.

"जातील ते मुलीकडे," आई म्हणाली. "तू जेव बाई."

"त्यांना मुलगी नाही, आई. ते आतच बसलेत. कोंडलेली हवा रात्रीपर्यंत पुरेल फार तर. बाबा, चालू करा ना."

"बंद करायला मालकाचा अंगठा पुरतो. चालू करायची तर नवा करार लागतो, आणि तू अल्पवयीन, म्हणून त्यावर माझी सही. ती मी करणार नाही. एकदा ढिलं सोडलं की हे लोक डोक्यावर बसतात."

ऋजुताने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ताट सरकवून तिने बाहेर जाताना घालायचा खुंटीवरचा मुखवटा काढला.

"मी तांडेलकाकांकडे राहायला चाललेय. त्या दाराला माझा अंगठा चालतो. आत गेल्यावर मुखवटा काढून ठेवीन. सही करायची की नाही, ते आता तुम्ही दोघं ठरवा."