अशक्य आकडा

दक्षिण ध्रुवावरचा ओझोन घटल्याचं उपग्रह कित्येक वर्षं कळवत होता, पण इतका कमी आकडा अशक्य म्हणून तो बाजूलाच ठेवला गेला, असं पुंडलिक गुरुजींनी सरावली गावच्या शाळेत वर्गात सांगितलं.

"मंग परत मोजायचं नाय काय, गुरुजी?" हंसा उसळली.

गुरुजी ओशाळले. कारखान्यांलगतच्या या शाळेच्या विहिरीच्या पाण्यात निळा लिटमस कागद लाल झाला होता, तेव्हा "अशक्य!" म्हणत पाणी तपासणी कचेरीतल्या साहेबांनी त्यांना हसून घालवलं होतं. सोमवारी ते बाटलीभर पाणी घेऊन पुन्हा कचेरीत गेले.

आठवड्याने अहवाल आला: 'पाणी पिण्यायोग्य.' पोरं पोहरा घेऊन विहिरीकडे धावली.


"थांबा रे!" गुरुजी संतापाने ओरडले. पाणी तपासल्याची तारीख बाटली नेण्याच्या आदल्या दिवसाची होती.