अजून तयारी नाही

मूल दत्तक घेण्यासाठी सापगावच्या सुयोग आणि कुणालीने केलेला अर्ज थांबवला गेला. कळवलं एवढंच, ‘अजून तयारी नाही.’ सुयोग कुणालीला घेऊन तक्रार करायला थेट दत्तक संस्थेच्या ऑफिसात गेला.

“तयारी नाय म्हंजे काय, मॅडम? घर पक्कं हाय, पाळणा बांधलाय. कारण तरी धड सांगा!”

घरी पाहणीला येऊन गेलेल्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “वहिनींनी मला त्या दिवशी बाळाचं नाव सांगितलं. ओवी.”

गेल्या वर्षी तापात गेलेल्या सुयोग-कुणालीच्या लेकीचं नाव होतं ते.

“तेच नाव ठेवलं तर काय बिघडलं?” तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात कुणाली पुढे झाली. “मॅडम, तिला माझ्याबिगर झोप लागत नाय. घरी कधी सोडताय तिला?”