आहेराचं लुगडं

भावानं दिलेलं नवं लुगडं नेसूनच बनाबाई माहेराहून निघाली. तिच्या खांद्यावर झोपलेली सहा वर्षांची हौसा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर जागी झाली. तिचं बोट नव्या लुगड्यावर काहीतरी शोधत फिरलं, आणि किंचाळत ती आईच्या हातातून निसटली.

लोक धावले. "पोरं धरणारी दिसतीया ही!"

"न्हाय वो, माझीच पोरगी हाय!"

एका फेटेवाल्यानं हौसाला मागं ओढून घेतलं. "तुझी हाय, मग तुझ्या तोंडाकडं का बघंना झालीया?"

हौसानं आईच्या तोंडाकडं आजवर कधीच बघितलं नव्हतं.

"चौकीवर न्या हिला!" कुणीतरी तिचा दंड धरला.

तेवढ्यात तिला ते शोधणारं बोट आठवलं. तिनं बोचक्यातून जुनं लुगडं ओढलं आणि अंगावर घेतलं.

हौसा गप्प झाली. गर्दीतून सरळ चालत आली आणि पदरावरच्या हिरव्या ठिगळावर तिनं बोट टेकवलं, रोज टेकवायची तसं.

त्यानंतर बनाबाईनं कुठलंही नवं लुगडं हिरवं ठिगळ लावल्याशिवाय नेसलं नाही.