आईने सांगितलेला भाव

कुकरची शिट्टी झाली तशी स्टुलावर बसलेली म्हातारी दचकली.

"कुकर आहे, अक्का. वरण शिजतंय," मधुरा हसली आणि तिच्या ओल्या केसांतून हलक्या हाताने कंगवा फिरवत राहिली. कपाटातली निळी साडी नेसवून झाली होती. ब्लाउज खांद्यावरून सारखा घसरत होता. मधुराने मागून सेफ्टीपिन लावली, वर शाल पांघरली. "किती वाळलात हो!"

"तिथे काय म्हणायचं?" अभिजीतने दारातून विचारलं.

"चार लाख. वर एक पैसा नाही."

"हिंदीत, अक्का. विसरता तुम्ही."

"चार लाख. ऊपर एक पैसा नहीं."

छोट्या इशिताने टाळ्या पिटल्या. मधुराने तिला जवळ ओढलं. "आणि तू दुकानात चकार शब्द काढायचा नाहीस हं, राजा. मोठ्यांचा व्यवहार असतो."

गाडी घेणं भागच होतं. देवासच्या कंपनीने अभिजीतला साफ सांगितलं होतं, स्वतःची गाडी असेल तरच कामावर या. आणि फ्रीगंजमधले जुन्या गाड्यांचे व्यापारी रमेशशेठ स्वतःची आई वारल्यापासून कुणाच्याही आईचा शब्द मोडत नाहीत, हे माधव नगरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुना हौसेने सासवांना रिक्षात घालून नेत.

शेठनी पांढऱ्या गाडीचं बॉनेट थोपटलं. "भाईसाहब, पौने पाँच. इससे नीचे क्या घर से डालूँ?"

"साढ़े तीन," अभिजीत म्हणाला.

"साढ़े तीन में टायर ले जाओ!"

दोघेही हसले. चहा आला. घासाघीस साडेचारवर येऊन अडली ती हलेना. मधुराने म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हीच सांगा, अक्का."

म्हातारी चहात तिसरं बिस्कीट बुडवत होती. "चार लाख. ऊपर एक पैसा नहीं," ती म्हणाली. मग इशिताकडे बघून हळूच पुढे बोलली, "इनके पास नहीं है, बेटा. बच्चीवाले हैं."

एवढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण शेठचे डोळे भरून आले होते.

"माँ ने कह दिया, बात ख़तम!" त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला, पेढा भरवला.

नव्या गाडीत मागच्या सीटवर इशिता म्हातारीच्या कुशीत शिरून बसली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"सूनबाई, रात्रीही वरणभातच का?" तिने विचारलं.

मधुराने अभिजीतला डावीकडे वळायला खुणावलं.

राम घाटाजवळ अभिजीतने गाडी थांबवली. मधुराने मागचं दार उघडलं, म्हातारीला हात धरून उतरवलं, शाल काढून नीट घडी केली. डिकीतलं तिचं बोचकं आणि शंभराची नोट तिच्या हातात दिली.

"साडी राहू द्या, मावशी."

पायऱ्यांवर भीक मागत बसलेल्या बायकांनी सरकून तिला तिची जागा करून दिली.

"आई," काचेला नाक लावून इशिताने विचारलं, "प्रयागच्या घाटावर आपण आपल्या अक्काआजीला असंच बसवून आलो ना? तिलाही कुणी गाडी घ्यायला नेत असेल?"