वाऱ्याकडे पाठ

हवामान केंद्रातला निरीक्षक तीस हिवाळे हेच पाहत आला होता. समुद्रपक्षी वाळूवर बसतात ते वाऱ्याकडे तोंड करून. आज सकाळपासून समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. तरी शेकडो पक्षी त्या वाऱ्याकडे पाठ करून, त्याच्या घराच्या एकाच खिडकीकडे बघत बसले होते. त्या खोलीत त्याची आजारी बायको झोपली होती.

त्याने टाळ्या वाजवल्या, दगड मारले. एकही पक्षी हलला नाही. तो आत गेला आणि त्याने बायकोला जागं केलं.

“अहो, काय झालं?”

“काही नाही गं. इथे गारठा फार आहे. मागच्या खोलीत चल.”

तिला उचलून त्याने मागच्या खोलीत निजवलं, दार लावलं आणि तो धावत बाहेर आला.

वाळूवर एकही पक्षी नव्हता. मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, “अहो, खिडकीबाहेर एवढे सगळे कोण येऊन बसलेत?”