वहाब टेलरची कबर

"हे भोक कायले ठेवलं?" फैजानने विचारलं.

वहाब टेलरच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. ओसरीत विटांवर सात फुटी काळा कडप्पा आडवा पडला होता आणि त्याच्या एका टोकाला हातभर लांबीरुंदीचं चौकोनी भोक होतं.

"हवेले," वहाब म्हणाला.

"कबरीत?"

"मले कोंडल्या जागी गुदमरल्यासारखं होते."

समोरचा किराणावाला फैजान गंभीर झाला. मरायला निघालेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढी अक्कल त्याला होती.

खरं तर ती कबर नव्हतीच. तो जहांआराच्या स्वयंपाकघरातला ओटा होता आणि भोक होतं सिंकचं. नऊ वर्षांपूर्वी वहाबचा धाकटा भाऊ मोईज हाच ओटा बांधायला आला होता. मोईज म्हणजे पिंपळगाव राजातला नावाजलेला गवंडी. वहाब म्हणाला, तीन फूट उंच घे. मोईज म्हणाला, भाबी ठेंगणी हाये, अडीच फूट बस झालं. तीस वर्षं अख्ख्या गावाची मापं घेतलेल्या माणसाला हा माप शिकवणार! शब्दाने शब्द वाढला. मोईज काम टाकून गेला तो गेलाच. राहायचा दोन गल्ल्या सोडून, पण ईदलाही गळाभेट नाही. दुसरा कोणी गवंडी त्याच्या अर्ध्या कामाला हात लावेना. जहांआरा नऊ वर्षं जमिनीवर बसून भाकरी थापत राहिली.

आता तिच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग वहाबने नांदुऱ्याहून कडप्पा आणला. कडा कापल्या तशाच खरबरीत होत्या, हात लागला तर रक्त काढतील अशा. बांधायचं पुढे पाहू, आधी कडा तर घासू, असं म्हणून तो मांडी ठोकून बसला. मोईजला बोलवायची वेळ जितकी लांबेल तितकी बरी, हे त्याचं मनातलं गणित. पहिल्याच दिवशी फैजानने विचारलं, दगड कायचा? ओटा म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: बांधणार कोण? वहाबच्या तोंडून निघून गेलं, "कबरीचा."

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वहाब टेलरला काहीतरी कळलंय. जाणाऱ्याकडे जाऊन कहा-सुना, म्हणजे आजवरचं बोललं-चाललेलं, माफ करून घ्यायची रीत आहे, त्यामुळे ओसरीत माणसांची रीघ लागली. शेजारचा ज्ञानेश्वर पाच वर्षांपूर्वी नेलेली शिडी घेऊन आला आणि डोळे पुसत भिंतीला लावून गेला. बस स्टँडजवळचा एक जण म्हणाला, "चाचा, तुम्ही माही पँट आखूड शिवली होती, तवा मी तुमाले मागून लय शिव्या देल्या. माफ करा."

"आखूड नव्हती," वहाब म्हणाला.

"हाव, नव्हती. तेवढंही माफ करा."

वहाब माफ करत होता आणि घासत होता. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून पाणी शिंपडायचं, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळायचा आणि हात चालवायचा. आधी खरखरीत ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग त्याहून बारीक दोनशेवीस. मोहल्ल्याने त्यावरून त्याच्या आयुष्याचा हिशोब धरला. "कितीवर आले?" लोक हळू आवाजात विचारत. "दोनशेवीसवर," फैजान मान हलवून सांगे. "चारशे झाला की संपलं."

"एवढी गुळगुळीत कबर कायले पाहिजे?" आतून जहांआरा ओरडली. "तुम्ही जासान तवा जासान. माहे गुडघे कवाचेच गेले."

वहाबला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दगड तयार होत होता आणि तो जागच्या जागी बसवणारा एकच माणूस गावात होता. खरं सांगावं तर अख्खा गाव हसणार. न सांगावं तर बायको मरेपर्यंत जमिनीवर.

चारशे नंबर हातात घेतला त्या दुपारी मोईज आला. खांद्याला हत्यारांची थैली होती. ओसरीतली माणसं बाजूला सरकली. वहाबने मान वर केली. भावाच्या दाढीतले पांढरे केस त्याने लांबून कितीदा पाहिले होते, पण इतक्या जवळून आजच पाहिले.

मोईज दगडापाशी आला. गुडघे टेकून बसला. कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. मग भोकातून हात आरपार घातला आणि खालून बोटं हलवून पाहिली.

"ते हवेले हाये," फैजानने हलक्या आवाजात समजावलं.

"हाव," मोईज म्हणाला. "दिसून राह्यलं."

त्याने ठोकळ्यावरचा पेपर आपल्या हातात घेतला आणि राहिलेला कोपरा घासू लागला. चांगला वेळ घासला. वहाब बाटलीतून पाणी शिंपडत राहिला. कोपरा आरशासारखा झाला तेव्हा मोईजने थैलीतून टेप काढली आणि भावाकडे पाहिलं.

"कबर किती उंच घेऊ, भाईजान?"

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. वहाबने दारातून पाहिलं. जहांआरा एक पाय लांब करून जमिनीवर बसली होती, पिठाचा हात तसाच हवेत.

"अडीच फूट," वहाब म्हणाला.