लोकरीची लड

"उभ्या उभ्या चौकशी करायची पद्धत या घरात नाही. बसा."

निरीक्षक बसला आणि अहवालाचा छापील कागद त्याने मांडीवर ठेवला. घरपट्टी विभागातली नोकरी त्याला नवी होती. पण वृद्ध घरमालकांच्या दारात किती गोड बोलावे लागते, हे तो एव्हाना शिकला होता. समोरच्या मालकीणबाई मात्र गोड बोलण्याने विरघळणाऱ्यांतल्या दिसत नव्हत्या. पडदे ओढलेल्या त्या दिवाणखान्यात त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता. दिसत होते ते पांढरेशुभ्र केस आणि काठीच्या मुठीवर थरथरणारे हात.

"म्हाताऱ्या घरमालकांना अर्धी घरपट्टी माफ असते, आजी. मालक हयात आहे ना, एवढंच पाहायला आलोय."

"मग पाहिलंत ना? आहे हयात."

"कागदावरचं वय खरं मानलं, तर शहरात तुमच्या बरोबरीचं कोणीच उरलेलं नाही."

"त्यात माझा काय दोष? बाकीच्यांनी घाई केली."

निरीक्षक हसला, पण मनातला संशय हलला नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर माफी लाटणाऱ्या घरांविषयी त्याने ऐकले होते. असे एक जरी घर पकडलेस तर नोकरी कायम करतो, असा साहेबांनी शब्द दिला होता. नोकरी कायम झाली की एका खोलीतून दोन खोल्यांत जाता येणार होते. आणि बायकोचे दिवस भरत आले होते. निघताना कचेरीच्या खिडकीवर बसणारी सहकारीण म्हणालीच होती, "एक तरी लबाड म्हातारी पकडून आण. चहा मी पाजते."

गेल्या वर्षीच्या निरीक्षकालाही याच घराचा संशय होता. पण तो एकाएकी कामावर यायचा थांबला आणि चौकशी तशीच राहिली.

"हात मोकळेच आहेत तुमचे," मालकीणबाई म्हणाल्या. "तेवढी लड धरा."

नाही म्हणण्याची सोय त्या आवाजात नव्हती. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि बाईंनी त्यांवर काळ्या लोकरीची लड चढवली.

"टोक तुम्हीच काढून द्या. मला दिसत नाही."

त्याने टोक काढून दिले. बाई गुंडा वळू लागल्या. त्यांच्या पायाशी टोपलीत असेच काळे गुंडे रचून ठेवले होते.

"एवढी लोकर लागते कशाला, आजी?"

"थंडी वाजते. ही थंडी तुमच्या वयात नाही कळायची."

लोकर हातांवरून सरकत राहिली. मग त्याला राहवले नाही.

"रागावू नका, पण एवढ्या घरात तुम्ही एकट्या. आम्ही दोघं एका खोलीत, आणि तिसरं येऊ घातलंय. आमचा घरमालक सगळी घरपट्टी भाड्यात वसूल करतो. तुम्हाला जी माफी मिळते, ती आमच्याच खिशातून जाते."

"खिशातून?" बाईंचा हात क्षणभर थांबला. "तुमच्या खिशातलं मला काय करायचंय?"

"मग न्याय म्हणून काही आहे की नाही? घरं तुमच्या पिढीची आणि भरणं आमचं?"

"आम्हीही भरलंय, बाळ. तुमच्याएवढी असताना मीसुद्धा एका म्हातारीपुढे असेच हात धरून बसले होते. कुरकुर केली नाही. तिचं बघून शिकले."

लड आटत चालली, तसे हात जड झाले. खुर्ची ठेंगणी असावी. गुडघे आखडले होते. मध्येच उठणे बरे दिसणार नाही, असे त्याने स्वतःला बजावले. मांडीवरचा अहवाल त्याने वाचून पाहिला, तर अक्षरे एकमेकांत मिसळलेली. या पडद्यांनी जीव नकोसा केला, तो मनात म्हणाला.

शेवटचा धागा हातावरून सुटला. बाई उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला सारला.

काठी खुर्चीपाशीच राहिली होती.

उजेडात निरीक्षकाने त्यांना प्रथमच नीट पाहिले. केसांत पांढऱ्यापेक्षा काळेच अधिक होते. गुंडा धरलेला हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनी त्याच्या मांडीवरचा कागद उचलला आणि चष्म्यावाचून वाचला.

"'मालक हयात आहे.' खाली सही राहिलीय तुमची."

निरीक्षकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही ती म्हातारी नव्हेच! ती केव्हाच गेली असणार. ही तिची मुलगी किंवा भाची, तिच्या खुर्चीत बसून तिचीच माफी खाणारी. ती काठी, ते थरथरणे, ते न दिसणारे डोळे, सगळे सोंग!

"सही कचेरीत करतो," आवाजातला आनंद लपवत तो म्हणाला.

"करा. पायऱ्या तेवढ्या जपून उतरा."

बाई रागावल्या नव्हत्या. त्या त्याच्याकडे मायेनेच पाहत होत्या, आणि ते त्याला चमत्कारिक वाटले.

पायऱ्या खरोखरच उंच होत्या. येताना त्या इतक्या उंच असल्याचे त्याला आठवेना. रस्ताभर तो साहेबांना सांगायची वाक्ये जुळवत चालला होता. कचेरीच्या फाटकाशी पहारेकरी, जो त्याला एरवी ओळखही देत नसे, चक्क पुढे आला आणि कोपराला धरून त्याला आत घेऊन गेला. नोकरी कायम होण्याआधीच मान मिळू लागला म्हणायचा, असे वाटून त्याला हसू आले. ते खोकल्यात विरले.

खिडकीवर सहकारीण बसली होती. तिच्याजवळ एक कप बशीने झाकून ठेवलेला होता. त्याने फळीवर दोन्ही हात टेकले. सापडली, एवढेच सांगायचे होते. पण दम पुरेना.

ती लगबगीने उठली आणि स्वतःची खुर्ची घेऊन बाहेर आली.

"सावकाश, आजोबा," ती म्हणाली. "घरपट्टीच्या माफीचं काम ना? आमचा निरीक्षक सकाळचा बाहेर गेलाय, येईलच एवढ्यात. तोवर बसा."